बाबांच्या नाकासाठी

फ्रीगंज, उज्जैन
१९ एप्रिल २००१

प्रिय मधुरा,

एरवी मी 'चि. मधुरास अनेक आशीर्वाद' लिहितो. आज 'प्रिय' लिहिलं, कारण आज मला एक कबुली द्यायची आहे आणि कबुली देणाऱ्याने आशीर्वादाच्या पाटावर बसू नये. घाबरू नकोस, तब्येत उत्तम आहे. सकाळी टॉवर चौकापर्यंत चालत जातो आणि तुझ्या आईच्या नकळत कचोरी खाऊन येतो. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं आंब्यांच्या पलीकडे जात नाही. उन्हाळ्यात आंबे, थंडीत ओला हरभरा, अशी साडेपाच वर्षं काढली आपण दर रविवारी. तर आधी हे सांगतो की गेल्या आठवड्यात तू आईला पाठवलेलं पत्र मी ऐकलं. त्यात तू 'हे बाबांना सांगू नकोस' असं लिहिलं होतंस. पण तुझ्या आईला मनातल्या मनात वाचणं कधी जमलंय का? चहाच्या वेळी तिने नेहमीसारखं मोठ्याने वाचायला घेतलं, ती ओळसुद्धा खणखणीत आवाजात वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे वाचत राहिली.

तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. तुमच्या नाशिकच्या वाइनरीचे शेठ म्हणतात की आपल्याकडच्या द्राक्षाची लाल वाइन टिकत नाही, ज्या वर्षी केली त्याच वर्षी विकून मोकळं व्हावं, तळघरात वर्षानुवर्षं बाटल्या आडव्या घालून ठेवायची हौस आता पुरे. उलट दाखवायला तुझ्याजवळ काही नाही, कारण तुझी पहिली खेप, १९९४ ची, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळून तळघर नऊ दिवस तापलं तेव्हा सगळी नासली. तीस तारखेला बैठक आहे. तळघर बंद झालं तर तू राजीनामा देऊन उज्जैनला परत येणार. आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'बाबांचंच खरं झालं.'

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मुलगी घरी येणार म्हटल्यावर कुठल्या बापाला होणार नाही? आईने दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून तुझ्या खोलीला चुना लावून घेतला. शेजारच्या तात्यांनी, बँकेतून निवृत्त झाल्यापासून गावातल्या प्रत्येकाची नोकरी लावणं हेच त्यांचं काम झालंय, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला. 'बिटिया आ रही है' असं त्यांनी पानवाल्यापर्यंत पोचवलं. दोन दिवस मी जिना चढताना गुणगुणत होतो म्हणे. तिसऱ्या दिवशी मात्र ते 'बाबांचंच खरं झालं' दातात सुपारी अडकावी तसं अडकून बसलं. कारण बाबांचं खरं झालं की नाही, हे अजून कोणी तपासलंच नव्हतं. आणि तपासता येईल असा मुद्देमाल कुठे आहे, हे फक्त मला आणि तुझ्या आईला माहीत होतं.

पंच्याण्णवची दिवाळी आठवते तुला? मी त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. तू आलीस, जुन्या शालीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या पिशवीतून काढल्यास आणि फराळाच्या ताटाशेजारी ठेवल्यास. चकली, अनारसे आणि दोन बाटल्या. तू म्हणालीस, बाबा, ही माझी पहिली खेप, द्राक्ष निवडण्यापासून बूच लावण्यापर्यंत सगळी माझी. पाच वर्षं तरी उघडू नका. मग एक उघडा आणि कशी झाली ते मला खरं खरं सांगा, सगळ्या माळव्यात तुमच्यासारखं नाक कोणाचं नाही. त्यावर मी काय म्हणालो ते इथे पुन्हा लिहीत नाही. आबकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्या राज्यातून विनापरवाना दारू आणलीस, असं काहीतरी त्याची सुरुवात होती, आणि शेवट त्याहून वाईट होता. तू भाऊबीजेपर्यंतही थांबली नाहीस. चार दिवसांनी मी टॉवर चौकातल्या एसटीडी बूथवरून तुला फोन केला आणि सांगितलं की दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. तू नुसतं 'बरं' म्हणालीस. त्यानंतर तू तुझ्या कामाबद्दल माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही. आंबे सुरू झाले ते तिथून.

माझ्या नाकाचं कौतुक खात्यात फार होतं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. आमचा एक शिपाई म्हणायचा, 'साहब, आपकी नाक तो सरकारी संपत्ति है, इसका बीमा करवा लो.' डिस्टिलरीत मोजणीची काचेची नळी बुडवायच्या आधीच मी माल सांगायचो. मोहाची की गुळाची, किती दिवसांची, पाणी कुठल्या टप्प्यावर घातलं, सगळं. आणि जिभेवर थेंब घेतला नाही. आईला, म्हणजे तुझ्या आजीला, तसं वचन दिलं होतं. खात्यातले लोक यावरून मला पंडितजी म्हणायचे आणि मी ते पदवीसारखं मिरवायचो. पण हे नाक खात्यात तयार झालेलं नाही, मधुरा. ते घरात तयार झालं. हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि तुझ्या आईलाही सांगू दिलं नाही.

तुझे श्रीधरकाका काविळीने गेले असं तुला सांगितलं आहे. कावीळ शेवटी झाली, तेवढं खरं. त्याच्या आधी बारा वर्षं दारू होती. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मिलमध्ये चांगल्या नोकरीवर, हसरा, हार्मोनियम वाजवणारा, घरात येताना कधी रिकाम्या हाताने यायचा नाही. संध्याकाळी तो दारात आला की माझी आई मला पुढे पाठवायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी त्याच्या हातातली पिशवी घ्यायची, जवळ जायचं, आणि आत येऊन आईला खूण करायची, आज आहे की नाही. आहे म्हटलं की ती वेगळं ताट करायची आणि पाठ फिरवून बसायची. काही दिवसांनी दादाला ते समजलं. तो दारात उभा राहून मला म्हणायचा, 'घे, हुंग. सांग जाऊन.' रागाने नाही, हसून म्हणायचा. ते हसणं मला अजून सहन होत नाही. माझ्या कित्येक खुणा बरोबर निघाल्या आणि त्यातली एकही त्याच्या उपयोगी पडली नाही. त्या दिवाळीला तू माझ्या नाकाचं कौतुक करत बाटली पुढे केलीस तेव्हा मला दारात उभा असलेला दादा दिसला. तुझ्यावर ओरडलो ते त्याचं होतं. तुला कारण माहीत असतं तर तू थोडं कमी दुखावली असतीस, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

आता कबुली. बाटल्या मी ओतल्या नाहीत. मी आधी फोन केला आणि मग ओतायला गेलो. खात्यात असा उलटा क्रम केला असता तर निलंबित झालो असतो. मोरीपाशी गेलो, आणि हाताला सवय, की माल नष्ट करायच्या आधी त्याचं वर्णन लिहून घ्यायचं. म्हणून कागद घेतला, चष्मा लावला आणि बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा मजकूर उतरवायला बसलो. तुझं वळणदार अक्षर, 'पहिली खेप, १९९४, मधुरा'. आणि खाली, दिसेल न दिसेल असं, 'बाबांच्या नाकासाठी'. तू ते दाखवलं नव्हतंस. मी तुला दाखवू दिलंच नव्हतं. तिथे मोरीच्या कट्ट्यावर किती वेळ बसलो होतो ते तुझ्या आईला विचार, तिने दोनदा येऊन 'धुणं करायचंय, उठताय का' म्हटलं.

ओतवेना आणि ठेवलं असं कबूलही करवेना. मग मी मला येतं ते केलं. पंचनामा केला. हसू नकोस. दोन बाटल्या, गडद लाल द्रव, विनापरवाना, जप्त. पंच म्हणून तुझ्या आईची सही घेतली आणि तात्यांची. तात्यांनी आत काय आहे ते न वाचताच सही केली, बँकेत असं करत नसतील अशी आशा आहे. बुचांवर लाख ओतली, माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. जप्त माल वरच्या आदेशाशिवाय नष्ट करता येत नाही, हा नियम. निवृत्त माणसाला वरचा अधिकारी कोण? त्यामुळे आदेश कधी आलाच नाही, आणि माल राहिला. ठेवायची जागा आईने काढली. मधल्या अंधाऱ्या खोलीतल्या गव्हाच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्याखाली, शरबती गव्हाच्या पोटात. उभ्या राहीनात म्हणून तिने त्या आडव्या पुरल्या. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं आणि आत हवा जात नाही, हे तू तुझ्या पत्रात शेठना समजावल्याचं लिहिलं आहेस. आमच्याकडे ते कोणी समजावलं नव्हतं. बाहेर बेचाळीस डिग्री असताना कोठीत कोपरापर्यंत हात घातला की आतले गहू गार लागतात, एवढंच तुझ्या आईला माहीत होतं. दर एप्रिलला नवे गहू आले की कोठी रिकामी व्हायची, बाटल्या बाहेर यायच्या, मी लाख तपासायचो, फडक्याने पुसायचो, आणि पुन्हा खाली. दरवर्षी आई विचारायची, 'पोरीला सांगायचं का?' आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

या वर्षीचे गहू परवा आले. दोन्ही बाटल्या खाटेवर ठेवल्या आणि आईला म्हटलं, एक उघडतो. ती स्वयंपाकघराचं दार लोटून आली. तुमच्यासारखं बूच काढायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? लाख खरवडली, एक लांब स्क्रू बुचात फिरवला आणि पक्कडीने ओढला. अर्धं बूच आलं, अर्धं तुटून आत पडलं. आईने चहाची नवी गाळणी दिली. शेवटी शेवटी तळाचा गाळ दिसला आणि मी गाळणी खाली ठेवली. खात्यात गाळ म्हणजे भेसळ, पुढे बघायचीच गरज नाही. मग तुझ्याच त्या पत्रात शेठबद्दल तक्रार आहे ना, की त्यांना जुन्या वाइनचा नैसर्गिक साकासुद्धा खराबी वाटतो, ते आठवलं. आईकडून पत्र मागून घेतलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे तू मला सांगू नकोस म्हणालीस ते पत्रच कामाला आलं.

काचेचा पेला माझ्या पांढऱ्या उपरण्यासमोर धरला. मधोमध गडद, पण कडेला लाल रंग उतरून विटेच्या रंगावर आलेला. स्वच्छ, गढूळ नाही. मग नाक. मधुरा, पस्तीस वर्षं मी वास घेतले ते चोर पकडायला. यात काय चांगलं आहे असं शोधत वास घ्यायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मी व्हिनेगर शोधत होतो. नव्हतं. कुजकेपणा नव्हता. मग नाक जरा सैल सोडलं. वाळलेलं जांभूळ होतं. आवळ्याच्या सुपारीचा वास होता. थोडा चामड्याचा, माझ्या जुन्या फिरतीच्या बॅगेसारखा. आणि मागे कुठेतरी गूळ, उकळतानाचा नाही, ढेप फोडल्यावर येतो तो. नाकाने एवढं सांगितलं आणि मी शेरा लिहायला पेन उघडलं. पण खात्याच्या नमुन्यात शेरे तीनच. योग्य, भेसळयुक्त, नष्ट करण्यायोग्य. त्यातला एकही याला लावता येईना. योग्य म्हणावं तर ते पहिल्या दिवशीही असणार, मग सात वर्षांनी काय केलं? तेव्हा तुझ्या आईने पेल्यात बोट बुडवलं, जिभेवर लावलं, डोळे मिटले आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी तिसऱ्या वर्षी उघडल्यावर म्हणते अगदी तसं म्हणाली, 'अहो, मुरलंय.' मी म्हटलं नीट सांग. ती म्हणाली, 'नीटच सांगतेय. आंबट आंबट राहिलं नाही, तुरट तुरट राहिलं नाही, सगळं एकमेकांत गेलंय. याला मुरणं म्हणतात. तुमच्या खात्यात हा शब्द नसेल तर खात्याचं चुकलं.'

मग मी प्यायलो. एक घोट, चौसष्टाव्या वर्षी, पहिला. आजीला दिलेल्या वचनाचं काय, असं तू विचारशील. देवापुढे उभा राहिलो आणि तिला म्हटलं की नातीचं काम तपासतोय, अर्धवट तपासून शेरा देता येत नाही, माफ कर. मला दारूची भीती नव्हती. आत दादा भेटेल अशी भीती होती. इतक्या वर्षांनी तोच वास आता जिभेवरून येईल, असं वाटत होतं. मधुरा, दादा त्यात नव्हता. तिथे तू होतीस, तुझं ते सगळं निवडून पाखडून घ्यायचं वेड होतं. मी रडलो. आईने आधी पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि मग पदर दिला, या क्रमाने.

आता दोष, कारण तू खरं खरं सांगा म्हणाली होतीस. घोट गिळल्यावर चव लवकर पळते, आणखी थोडी रेंगाळली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातला जीव गेला होता, म्हणजे उघडल्यावर फार तग धरत नाही. आणि माझ्या अंदाजाने ही आता जिथे पोचायची तिथे पोचली आहे, आणखी पाच वर्षं ठेवू नये. पण सात वर्षं ती टिकली. त्यातली साडेपाच तर विजेवर गार ठेवलेल्या तळघरात नाही, माळव्याच्या उन्हाळ्यात, गव्हाच्या कोठीत. आणि नुसती टिकली नाही, चांगली झाली. शेरा: मुरलेली.

माझा शेरा शेठसमोर ठेवू नकोस. बापाचा दाखला कुठल्याही कचेरीत चालत नाही, आणि चालूही नये. त्यासाठीच मी दोनातली एकच उघडली. दुसरी माझ्या लाखेसह, ठशासह जशीच्या तशी आहे, आणि ती मंगळवारी निघते आहे. तात्यांचा आल्हाद पुण्याला त्याच्या कॉम्प्युटर कंपनीत रुजू व्हायला नानाखेड्याच्या स्टँडवरून बसने जातोय, तो वाटेत नाशिकला उतरून ती तुझ्या हातात देईल. आडवीच, शालीत, वर्तमानपत्रात आणि दोन किलो गव्हात पॅक केली आहे, गहू आईचे. सोबत पंच्याण्णवचा पंचनामा आहे, म्हणजे बाटली तीच आहे यावर कोणी बोट ठेवणार नाही. आणि परवानाही आहे. त्यासाठी मी काल माझ्याच जुन्या कचेरीत अर्जदारांच्या रांगेत उभा होतो. बाबू हसला, 'पंडितजी, एक बोतल के लिए परमिट कौन लेता है? झोले में डालिए और भेज दीजिए.' मी म्हटलं, नाही, पोरीची बाटली यावेळी कागदानिशी जाईल. प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहू असं त्याने विचारलं. मी पेन त्याच्या हातून घेऊन स्वतः लिहिलं, 'बेटी की पहली वाइन, जाँच हेतु.' त्याने शिक्का मारला. बैठकीत ती सगळ्यांसमोर उघड, त्यांच्या जाणकारांना चाखू दे, मग शेठ जे ठरवतील ते ठरवोत. हे पत्र न लिहिता गप्प बसलो असतो तर तू महिन्याभरात घरी आली असतीस, मला ठाऊक आहे. आईलाही ठाऊक आहे. गव्हाचं पुडकं तिनेच बांधलं, आणि चुना लावलेल्या खोलीबद्दल म्हणाली, राहू दे तशीच, मे महिन्यात आंबे खायला येईल ना. तेव्हा ये. आठ दिवस ये, पंधरा दिवस ये, पण सुट्टी काढून ये. आणि ते वाक्य तुझ्या पत्रातून तेवढं खोडून टाक. बाबांचं खरं झालं नाही, मधुरा. तपासून, चाखून, सहीनिशी लिहून देतो आहे.

तुझाच,
बाबा